पश्चिमेच्या भिंतीवरचा हात

प्रिय इरा आणि अमोघ,

इराने गेल्या रविवारी फोनवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, कारण गॅसवर दूध होते आणि प्रश्न मोठा होता. तिच्या हाताखाली आता आठ माणसे आहेत. नोव्हेंबर आला, तिकडे परदेशात दुपारी चारला अंधार पडायला लागला, की तीच हुशार माणसे निम्मी होतात, बैठकीत कोणी तोंड उघडत नाही, आणि वरून निरोप येतो की टीमचा उत्साह वाढवा. आजी, तू नोकरी केली होतीस ना, तुमच्याकडे काय करायचे, असे तिने विचारले.

आमच्याकडे चारला अंधार पडत नसे. चेन्नईत चारला डोळे उघडवत नसत इतका उजेड असे. पण माणसे निम्मी होत, ती आमच्याकडेही. आणि या एकाच गोष्टीवर आयुष्यभर लक्ष ठेवून असलेला एक माणूस मी पाहिला आहे. सल्ला द्यायला मी काही कोणाची वरिष्ठ नव्हते, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते. अमोघनेही वाचावे. त्याला हाताखाली माणसे नाहीत, पण तो कोणाच्या तरी हाताखाली आहेच.

त्यांचे नाव सेतुमाधव राव. तुमच्या आजोबांची चेन्नईला बदली झाली तेव्हा तुमचे बाबा शिकायला बाहेर गेलेले, घर रिकामे, आणि मी एक्कावन्न वर्षांची. गिंडीजवळच्या एका कंपनीत इंग्रजी प्रुफे वाचायला माणसे हवी होती. इंग्लंडमधली वैद्यकीय आणि रसायनशास्त्राची नियतकालिके तिथे चेन्नईत संगणकावर जुळवली जात आणि छापायला परत तिकडे जात. मधल्या टप्प्यावर कोणीतरी प्रत्येक पान मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहावे लागे. ते काम आमचे. खालच्या मजल्यावर संगणक होते आणि त्यांना एसी होता. तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखाली, आम्ही बारा वाचक, सगळ्या बायका, आणि आम्हाला पंखे. राव आमच्या विभागाचे प्रमुख.

ते तंजावूरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि घरात मराठी टिकली. ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला माझ्या पणजीची आठवण झाली आणि पुढच्याच वाक्यात तमिळ शब्द आल्यामुळे पणजी गायब झाली. "अमळ बसा," "कशास घाई," असे ते म्हणत, पण तमिळ हेल काढून. उन्हाला ते ऊन म्हणत नसत, वेयिल म्हणत. माझ्या पुणेरी बोलण्याची त्यांना गंमत वाटे. एकदा म्हणाले, "तुम्ही बोलतां तें बरोबर असतें, सुमतीबाई, पण प्रूफ वाचून झाल्यासारखें." बाकीच्या अकरा जणी त्यांना राव सार म्हणत. मी नुसते राव म्हणे, आणि ते ऐकून सुरुवातीला सगळ्या दचकत.

उंच, काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात हिरव्या शाईचे पेन. पाऊस असो नसो, हातात काळी छत्री. घरून आणलेला दहीभात ते बरोबर साडेबाराला खात आणि दुसऱ्याच्या डब्यातले काही घेत नसत. कौतुक करणे त्यांना जमत नसे. पान फारच चांगले वाचले गेले असेल तर कोपऱ्यात हिरव्या शाईने एवढेच लिहीत: "ठीक." माझ्या सहा वर्षांत मला असे चार ठीक मिळाले. एक अजून माझ्या कपाटात आहे.

आणि त्यांची ती सवय. आमच्या खोलीची पश्चिमेची भिंत उघडी होती. पलीकडे झाड नाही, इमारत नाही. दुपारी एकपासून सूर्य तिच्यावर. रोज अडीचला राव जागेवरून उठत, त्या भिंतीपाशी जात, आणि लहान मुलाच्या कपाळाला लावतात तसा तळहात तिला लावत. जानेवारीत तो हात बराच वेळ तिथे राही. मे महिन्यात लगेच मागे येई. मग ते वळून आमच्याकडे एकदा पाहत आणि त्या दुपारी कोणी काय वाचायचे ते ठरे. माझ्या शेजारची जानकी पहिल्याच आठवड्यात माझ्या कानाशी म्हणाली, "डॉक्टर राउंडला आले. आता बघा, कोणाला ताप निघतो."

मला तो विक्षिप्तपणा वाटला होता. त्यांची वही पाहिली तेव्हा मत बदलले. प्रत्येक प्रमुखाकडे चुकांची वही असतेच. कोणाच्या नजरेतून काय निसटले, ते त्यात लिहितात. रावांच्या वहीत नावाच्या आधी वेळ होती. किती वाजता, कुठल्या महिन्यात, कुठल्या खुर्चीवर. नाव सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात. मी विचारले, असे का. ते म्हणाले, "कोणाची चूक तें सगळे लिहितात. केव्हांची तें कोणी लिहीत नाही."

त्या वहीवरून त्यांनी आमच्या वर्षाचा नकाशा काढला होता. कॅलेंडरशी त्याचा फार संबंध नव्हता. डिसेंबरच्या मध्यापासून मार्गळी महिना लागला की तिथल्या बायका पहाटे चारला उठून दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढतात, देवळात जातात, आणि संध्याकाळी गाण्याच्या मैफिली असतात. अशी माणसे दुपारी पेंगतील असे कोणालाही वाटेल. रावांची वही सांगत होती की मार्गळीत सकाळी आठ ते बारा आमचा विभाग वर्षातले सर्वांत चांगले वाचतो. म्हणून वर्षातली सर्वांत किचकट कामे ते डिसेंबरसाठी अडवून ठेवत, आणि चार वाजता स्वतःच म्हणत, निघा, गाणे चुकेल. तिकडचा पाऊस दिवाळीच्या आसपास येतो. त्या दिवसांत रस्ते तुंबत, माणसे गुडघ्यापर्यंत भिजून, चिडून येत. तेव्हा पहिला अर्धा तास प्रुफाला हात लावायचा नाही असा नियम होता. दोरीवर कोरडे पंचे वाळत घातलेले असत. पाय पुसायचे, कॉफी प्यायची, कोणाच्या गल्लीत किती पाणी ते सांगून मोकळे व्हायचे. एखादी अर्ध्या तासाआधीच पान ओढून बसली तर राव येऊन ते पान उचलून नेत.

भाषण त्यांनी कधी केले नाही. उत्साह हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. कोणाची मान पडायला लागली की ते तिच्या टेबलाशी येऊन गंभीरपणे सांगत, "खाली जाऊन नुंगूवाल्याला विचारून ये, उद्या येणार का." नुंगू म्हणजे आपले ताडगोळे. तो माणूस पूर्ण उन्हाळाभर, रोज, कडुलिंबाच्या सावलीत त्याच जागी बसे. तीन जिने उतरायचे, सावलीत दोन मिनिटे उभे राहायचे, गार ताडगोळा खायचा, परत यायचे. हे विचारणे खोटे आहे हे आम्हा बाराही जणींना माहीत होते. नुंगूवाल्यालाही. तो आम्हाला पाहताच सांगायचा, "सारना सांगा, उद्याही येतोय."

पण खरी परीक्षा मे महिन्यात. तिथल्या पंचांगात त्या दिवसांना अग्निनक्षत्र म्हणतात, साधारण पंचवीस दिवस. राव त्याची तयारी एप्रिलपासून करत. त्या दिवसांत ऑफिस साडेसातला सुरू. तक्ते, समीकरणे, औषधांचे आकडे, जे जे डोळ्यांनी नेमके पाहायला हवे ते अकराच्या आत संपवायचे. आणि दुपारी दोन ते चार कोणी एकटे वाचायचे नाही. दोघींनी जोडीने बसायचे. एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सगळे उच्चारून, आणि दुसरीने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे. ही छापखान्यातली जुनी पद्धत आहे, आता कोणी वापरत नाही. एकटे डोळे झोपेत असले तरी पानावरून चालत राहतात, असे राव म्हणत, पण तोंड झोपेत चालत नाही.

संदर्भांच्या याद्या वाचताना मात्र तोंडही कंटाळे. लेखकांची नावे, वर्षे, पानांचे आकडे, पानेच्या पाने. तेव्हा जानकीने त्या याद्या रागात गायला सुरुवात केली. ती गाणे शिकलेली होती. यकृताच्या आजारावरच्या लेखाची यादी तिने मोहनममध्ये लावली आणि सगळी खोली जागी झाली. रावांनी ते चालू दिले. फक्त एकदा तिने नीलांबरी धरला, तेव्हा ते टेबलावरून न उठता म्हणाले, "जानकी, हा राग बाळाला निजवायचा. अग्निनक्षत्रात मनाई." त्या दिवसापासून फळ्यावर हिरव्या खडूने लिहिलेले असे: नीलांबरी नाही.

एका दुपारी इंग्लंडहून आलेले दोन पाहुणे विभाग पाहायला वर आले. दार उघडले तर पाच जोड्या एकाच वेळी मोठमोठ्याने वाचत आहेत आणि खिडकीशी सहाव्या जोडीतली एक बाई रक्तदाबावरच्या लेखाचे संदर्भ आलापीसह म्हणत आहे. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारले, ही प्रार्थना आहे का. राव म्हणाले, "हो मॅडम, तीन वाजताची." बाई हात जोडून शांत उभ्या राहिल्या. पाहुणे खाली गेल्यावर जानकी टेबलाखाली डोके घालून हसत होती. राव भिंतीला हात लावून आले आणि म्हणाले, "आज चारपर्यंत नको. तीन-चाळीसला थांबा."

आता विनोदबद्दल. ते नवे जनरल मॅनेजर, तिशीतले, मोठ्या कॉलेजातून व्यवस्थापन शिकून आलेले. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. जानेवारीत आले आणि त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, दरवर्षी जूनमध्ये एप्रिल-मेचे काम पाहून प्रत्येक विभागातल्या सर्वांत मागे पडलेल्या दोघांना काढायचे. दोन, उन्हाळ्यात काम मंदावते ते खपवून घ्यायचे नाही. मे महिन्यात त्यांनी स्पर्धा लावली. भिंतींवर हसऱ्या सूर्याची पोस्टरे आली, एक गृहस्थ येऊन आम्हाला टाळ्या वाजवायला लावून गेले, आणि महिन्यात सर्वांत जास्त पाने वाचणाऱ्याला प्रेशर कुकर जाहीर झाला. जोडीने वाचणे बंद. एका पानावर दोन माणसे कशाला, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता चुकीचा नव्हता.

राव त्यांच्या केबिनमध्ये जाऊन आले. तिथे काय बोलणे झाले ते कळले नाही. वर येऊन आम्हाला एवढेच म्हणाले की या वर्षी एकेकट्याने वाचायचे. त्या महिन्यात अडीचला ते भिंतीला हात लावत आणि परत जागेवर येऊन बसत. करण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नव्हते.

स्पर्धा कलावतीने जिंकली.

कलावती आमच्यात सर्वांत लहान, पंचवीस-सव्वीसची, एन्नोरच्या कोळीवस्तीतली. तिच्या वस्तीतून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली ती पहिली. बोलताना अडखळे, पण वाचताना तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिचे वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर कामाला. पूर्व किनाऱ्यावर एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मासेमारीला सरकारी बंदी असते. माशांच्या विणीचा काळ. म्हणजे ज्या दिवसांत कलावतीच्या पत्र्याच्या घरात कोणाचाही डोळा लागत नसे, त्याच दिवसांत घर तिच्या एकटीच्या पगारावर चाले. तिला मागे पडून चालणार नव्हते. दोन गाड्या बदलून ती यायची आणि डबा खाता खाता पाने वाचायची. नुंगूवाल्याला विचारायला जायलाही तिने त्या वर्षी नकार दिला. विनोदनी तिच्या हातात कुकर दिला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. रावांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंग्लंडहून पत्र आले. औषधांच्या मात्रांच्या एका तक्त्यात एक ओळ खाली घसरली होती, आणि मोठ्या माणसाची मात्रा लहान मुलांच्या समोर आली होती. छापायच्या आदल्या दिवशी ते मूळ लेखकाच्या लक्षात आले म्हणून निभावले. पानावर सही कलावतीची होती. मे महिन्यातली, स्पर्धेतली.

विनोदनी रावांना खाली बोलावून सांगितले की शुक्रवारी यादी हवी आणि तिच्यात पहिले नाव या मुलीचे. राव वर आले, वही उघडली आणि मे महिन्याची पाने चाळली. मग मला म्हणाले, "बाई, ती खुर्ची मीच दिली तिला." आमच्या खुर्च्या दर पोंगलला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, चिठ्ठ्या टाकून बदलत. त्या वर्षी पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेली खुर्ची कलावतीला आली होती. "चिठ्ठी टाकली म्हणजे मी मोकळा, असें वाटलें. एवढी वही लिहिली आणि खुर्ची मात्र दैवावर सोडली." मी काहीतरी समजुतीचे बोलले. त्यांनी ऐकून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी कलावती आली ती कुकर घेऊन. खोका उघडलेलाही नव्हता. एन्नोरहून दोन गाड्यांतून तो मांडीवर घेऊन आली होती. तिने तो रावांच्या टेबलावर ठेवला, म्हणाली, "सार, हा परत द्या. नोकरी राहू दे," आणि जागेवर जाऊन पान उघडले. खोलीत कोणी वर पाहिले नाही.

त्याच दुपारी विनोद दर्जाविषयी बोलायला वर आले. मुद्दे लिहून आणले होते. ते सुरू करणार तोच राव उठले, भिंतीला हात लावला, आणि फार अदबीने म्हणाले की सार, आधी एक पान वाचाल का. या खुर्चीवर बसून. कलावतीला त्यांनी माझ्या शेजारी बसवले. विनोदना हा खेळ वाटला असावा. हसून, टाय सैल करून बसले. रावांनी त्यांच्यासमोर एक हस्तलिखित, एक प्रूफ आणि आपले हिरवे पेन ठेवले. मातीतल्या क्षारांचा कुठलासा तक्ता होता. अडीच वाजले होते. जून असला तरी भिंत मेची होती.

पहिली दहा मिनिटे विनोद ताठ बसले होते. मग त्यांनी रुमाल काढला. मग एकच ओळ बोटाने दोनदा मोजली. अर्ध्या तासाने त्यांनी एका स्पेलिंगवर खूण केली, खाली सही केली आणि पान परत दिले. रावांनी ते पाहिले, घडी करून खिशात ठेवले.

"काही राहिले का, मिस्टर राव?"

"उद्या सकाळी आठला पुन्हा बघू, सार. याच खुर्चीवर."

आम्हाला वाटले ते येणार नाहीत. आले. पावणेआठलाच, दाढी करून, बिनटायचे. त्याच पानाची कोरी प्रत समोर ठेवली गेली. पाच मिनिटेही झाली नसतील, त्यांचे पेन थांबले. तक्त्याची एक ओळ घसरली होती. चुनखडीचे आकडे मिठासमोर आले होते. विनोदनी मान वर केली नाही. बोट त्या ओळीवर ठेवून तसेच बसले. तेव्हा रावांनी टेबलाच्या खणातून तिसरा कागद काढला. त्याच पानाचे जानेवारीतले मूळ प्रूफ. घसरलेल्या ओळीभोवती लाल शाईने गोल केलेला आणि खाली कलावतीची सही.

"जानेवारीत हे तिने पकडले," राव म्हणाले. "सकाळी साडेनऊला."

विनोदनी विचारले, "मग यादीत मी काय लिहू?"

"लिहायचेच असेल तर अडीच वाजता, असे लिहा, सार. आणि नावच हवे असेल तर माझे. खुर्च्या मी लावल्या होत्या."

विनोद उठले. जाताना कलावतीच्या टेबलाशी थांबले आणि मग खाली गेले. त्या शुक्रवारी यादी गेली नाही. पुढच्या वर्षीपासून कामाचा हिशेब जूनऐवजी जानेवारीत, पूर्ण वर्षाचा, पाहायचा असे ठरले. हसरे सूर्य भिंतींवरून उतरले. मे महिन्यात जोड्या परत बसू लागल्या, जानकी परत गाऊ लागली, आणि एका सकाळी खालून पश्चिमेच्या खिडक्यांसाठी वाळ्याचे पडदे आले. विनोदनी स्वतः मागवलेले. रावांनी पोचपावतीवर सही केली आणि शेजारी हिरव्या शाईने लिहिले: "ठीक." कुकर न्यायला कलावती तयार होईना. तो कपाटावर पडून राहिला.

आणि पोंगलला चिठ्ठ्या टाकायच्या आधी राव शांतपणे आपले टेबल ओढत पश्चिमेच्या भिंतीला घेऊन गेले. ती जागा चिठ्ठीत नाही, म्हणाले. भिंतीवर खिडकीच्या खाली, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा ठिकाणी, रंग हळूहळू उडाला. दोन उन्हाळे त्यांच्या मानेवर घामोळे आलेले आम्ही पाहिले. जागा बदला, असे कोणी सुचवले तर ते त्यालाच ताडगोळेवाल्याकडे पाठवत.

इरा, तुझ्या ऑफिसात भिंत तापत नाही. तुझ्या आठ जणांचे अडीच केव्हा वाजतात ते मला इथून सांगता येणार नाही. राव म्हणाले असते, आधी वर्षभर वही लिही.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांनी भाषण केले नाही, म्हणून आम्हीही केले नाही. जाताना वही त्यांनी कलावतीकडे दिली. दोन वर्षांनी तुमच्या आजोबांनीही नोकरी सोडली आणि आम्ही पुण्याला परतायचे ठरवले. निघण्याआधी मी एका दुपारी वेस्ट मांबळमला रावांच्या घरी गेले. मेचाच महिना होता.

दार उघडे होते. आत राव त्यांच्या पत्नीला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. रुक्मिणीबाईंना मोतीबिंदू झाला होता. राव वाचत होते, "मुख्यमंत्र्यांनी काल, स्वल्पविराम, सचिवालयात," आणि रुक्मिणीबाई म्हणत होत्या, "अहो, स्वल्पविराम मला न सांगताही कळतो." मला पाहून दोघे हसले. त्यांनी मला ताक दिले. मी सांगितले की कलावती आता विभागप्रमुख आहे. ते त्यांना माहीत होते. मी सांगितले की नेमणुकीचे पत्र मिळाले त्या संध्याकाळी तिने कपाटावरचा कुकर खाली काढला, पुसला आणि घरी नेला. हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी चष्मा काढला.

"दुपारीं मोठ्यानें वाचतात?" त्यांनी विचारले.

वाचतात, मी म्हटले.

"नीलांबरी?"

"मनाई आहे. फळ्यावर लिहिलंय."

"आणि ती बसते कुठें?"

"तुमच्याच जागी. तिथलं टेबल तिने हलवू दिलं नाही."

त्यांनी माझा पेला पुन्हा ताकाने भरला. मी घड्याळ पाहून उठले, घरी सामान बांधायचे होते. राव उठले, खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीपाशी गेले, हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"आतां नको, बाई. अमळ बसा. चारला जा."

मी बसले. त्यांनी वर्तमानपत्राचे पान आमच्या दोघांमध्ये पसरले आणि आम्ही जोडीने वाचले, ते मोठ्याने, मी बोट ठेवून. रुक्मिणीबाई मधेमधे चुका काढत होत्या. चारला ते पुन्हा उठले, पुन्हा हात लावला, आणि म्हणाले, "आतां जा."

रिक्षा गल्लीच्या टोकाला वळताना मी मागे पाहिले. राव दाराबाहेर येऊन उभे होते. एक हात माझ्यासाठी वर केलेला होता, आणि दुसरा घराच्या भिंतीवर.

तुमची,
आजी